उतारवयातलं आतडं आणि शरीरात धुमसणारा दाह

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट येतो. हिमोग्लोबिन थोडं कमी, सीआरपी थोडं जास्त, साखर काठावर. घरातलं कुणीतरी विचारतं, काळजीचं काही आहे का? उत्तर मिळतं, ‘वयाच्या मानाने ठीक आहे.’ त्या उत्तरावर विषय मिटतो. खरं तर तो तिथेच सुरू व्हायला हवा.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. न्यूमोनियासारखा जोराचा संसर्ग असेल तर ते लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्याही वर जातं आणि संसर्ग आटोक्यात आला की भराभर उतरतं. एचएस-सीआरपी या अधिक बारकाईच्या तपासणीत १ च्या आतला आकडा चांगला आणि ३ च्या वरचा हृदयविकाराच्या दृष्टीने जास्त जोखमीचा, असं ढोबळमानाने धरतात. उतारवयात अनेकांचा आकडा महिनोन्‌महिने ३, ४, ५ असा रेंगाळत राहतो. ताप नसतो, सूज दिसत नाही, काही दुखत नाही. शरीर मात्र कुठल्यातरी न दिसणाऱ्या शत्रूशी रोज थोडं थोडं लढत असतं.

दाह मुळात आपल्या भल्याचाच. बोट कापलं की ते लाल होतं, गरम होतं, सुजतं, ठणकतं. पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतूंचा निकाल लावतात, मग दुरुस्ती सुरू होते आणि दाह शमतो. तो आपोआप विझत नाही, शरीर तो मुद्दाम थांबवतं. वय वाढतं तशी ही थांबवण्याची ताकद कमी पडत जाते. आयएल-६ आणि टीएनएफ ही दाहाचे निरोप पोचवणारी रसायनं रक्तात थोडी थोडी कायमच फिरत राहतात. इटलीतले शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या अवस्थेला ‘इन्फ्लमएजिंग’ असं नाव दिलं आणि तेव्हापासून वार्धक्याच्या अभ्यासात हा विषय मध्यावर आला.

हा दाह करतो काय, हे एका उदाहरणातून नीट कळतं. अनेक वृद्धांचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, खाणंही सुधारलेलं असतं, तरी आकडा हलत नाही. यामागचं एक मोठं कारण असं, की आयएल-६ वाढलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. हेप्सिडिन आतड्यातून लोह रक्तात येण्याची वाट अडवतं आणि शरीरात साठलेलं लोहही साठ्यातच कोंडून ठेवतं. संसर्गाच्या काळात ही चाल उपयोगाची, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं आणि ते त्यांना मिळत नाही. पण दाह वर्षानुवर्षं चालला तर उपाशी राहतो तो अस्थिमज्जेतला रक्त बनवण्याचा कारखाना. स्नायूंमध्येही आयएल-६ प्रथिनं बांधण्याच्या कामात खोडा घालतं, म्हणून पुरेसं खाऊनही मांड्या-पोटऱ्या बारीक होत जातात. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचायला मदत होते, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो.

इथे एक रास्त शंका येते. दाह खरंच आजाराचं कारण आहे, की आजारासोबत नुसताच येतो? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅन्टोस’ या मोठ्या चाचणीने याचं बऱ्यापैकी उत्तर दिलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या १०,००० हून अधिक लोकांवर ती झाली. त्यांतल्या काहींना दाहाच्या साखळीतला फक्त एक दुवा, आयएल-१ बीटा, रोखणारं औषध दिलं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, तरी पुढचे झटके कमी झाले. म्हणजे दाह हा नुसता साक्षीदार नाही. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये जिवावर बेतणारे संसर्ग वाढल्याचंही दिसलं. दाह सरसकट दाबून टाकणं महागात पडतं. म्हणून तो कुठून पेटतो हे शोधणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

उगम एकच नसतो. पोटाच्या आतली चरबी दाहाची रसायनं सोडते. विभागणं थांबलेल्या, तरीही न मरणाऱ्या म्हाताऱ्या पेशी सोडतात. सुजलेल्या हिरड्या, धूम्रपान, शरीरात दबा धरून बसलेले जुने विषाणू, सगळ्यांचा वाटा असतो. मात्र यांतला एक उगम असा आहे की रोजच्या जेवणाने त्यावर थेट परिणाम होतो. तो म्हणजे आतडं.

एका पेशीची भिंत

आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असावेत, असा हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच जवळजवळ. सगळ्यांचं मिळून वजन भरतं जेमतेम २०० ग्रॅम. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. हे जीवाणू आणि आपलं रक्त यांच्यामध्ये काय आहे? पेशींचा एकच थर. कागदापेक्षाही पातळ, दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने घडणारा. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट टाके घातल्यासारख्या जोडलेल्या असतात आणि वर चिकट स्रावाचा लेप असतो. मोठ्या आतड्यात हा लेप दुहेरी असतो. बाहेरच्या सैलसर थरात जीवाणू राहतात, आतल्या घट्ट थरात त्यांना सहसा शिरता येत नाही.

हा लेप पातळ झाला किंवा पेशींमधले टाके सैल पडले, की अख्खे जीवाणूच आत शिरले पाहिजेत असं नाही. त्यांच्या आवरणाचे तुकडे शिरले तरी पुरे होतं. अनेक जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचं द्रव्य असतं. आपल्या पांढऱ्या पेशींवर ते ओळखणारा टीएलआर-४ हा ग्राहक (रिसेप्टर) असतो. ही जोडी १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेने जुळवली आणि जन्मजात प्रतिकारशक्तीवरच्या या कामासाठी त्यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एलपीएसची चाहूल लागताच पेशी आयएल-६ आणि टीएनएफ सोडतात. संसर्ग झालेला नसतो, तरी शरीर संसर्ग झाल्यासारखं वागू लागतं. हे गळणं रोज अगदी थोडं असतं, आणि मंद दाहाला तेवढं इंधन पुरतं.

भिंत राखण्याचं काम कोण करतं, हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो, कारण ते काम जीवाणूच करतात. आपल्याला न पचणारं फायबर मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा यातूनच मिळवतात. म्हणजे ताटातलं फायबर आधी जीवाणूंचं पोट भरतं आणि मग जीवाणू आपल्या अस्तराचं. शिवाय ब्युटिरेटमुळे नियामक टी-पेशी वाढायला मदत होते. प्रतिकारशक्तीला ‘आता पुरे’ असं सांगणाऱ्या या पेशी. त्यांच्या शोधासाठीच मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि फायबर मिळालंच नाही तर? जीवाणू उपाशी बसत नाहीत. उंदरांवरच्या २०१६ च्या एका प्रयोगात दिसलं, की फायबर बंद केल्यावर काही जीवाणू अस्तरावरचा चिकट लेपच खाऊ लागले. लेप पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरणं सोपं गेलं.

आधी काय बिघडतं?

२०१७ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने आधी जीवाणू बिघडतात की आधी दाह वाढतो, याचा छडा लावायचा प्रयत्न केला. त्यांनी काही उंदीर जन्मापासून पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले. हे उंदीर म्हातारे झाले, पण वयाबरोबर वाढणारा दाह त्यांच्यात दिसला नाही. मग जंतुविरहित उंदरांपैकी काहींना साध्या तरुण उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि काहींना म्हाताऱ्यांच्या. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे जीवाणू आपोआप वाटले जातात. म्हाताऱ्यांच्या सोबतीत राहिलेल्यांच्या शरीरात दाह चढला. म्हणजे दोष जीवाणूंचा, असं म्हणावं, तर पुढचा निष्कर्ष उलट बाजूने आला. म्हाताऱ्या उंदरांमधलं टीएनएफ औषधाने रोखलं, तेव्हा त्यांच्या आतड्यातले जीवाणूही बदलले. दाह जीवाणू बिघडवतो आणि बिघडलेले जीवाणू दाह वाढवतात. चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं.

उंदरांचं माणसाला लागू पडेलच असं नाही, म्हणून माणसांकडे येऊ. आयर्लंडमधल्या ‘एल्डरमेट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. १७८ वृद्धांच्या आतड्यातले जीवाणू तपासले. काही स्वतःच्या घरी राहणारे, काही दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात. केंद्रात राहणाऱ्यांच्या जीवाणूंमधली विविधता कमी होती, रक्तातल्या दाहाच्या खुणा जास्त होत्या, शरीर अधिक कमकुवत होतं. आणि या सगळ्याचा धागा जात होता आहाराकडे. घरी राहणाऱ्यांचं खाणं वैविध्याचं होतं, केंद्रातल्यांचं एकसुरी. खाणं आधी बदललं होतं, जीवाणू त्यामागून सावकाश बदलले होते.

माझ्या मते या सगळ्या संशोधनातलं घराघरातल्या माणसांच्या सगळ्यात उपयोगाचं वाक्य हेच आहे. कारण ताट आक्रसतं ते बहुतेक वेळा मायेपोटी. कवळी सैल झालेली असते, चावताना हिरडी दुखते. मग कच्चं बंद होतं. डाळी-कडधान्यांनी पोटात वायू धरतो, म्हणून ती कमी होतात. फळांची सालं काढली जातात, मग फळंच राहून जातात. वास आणि चव मंदावलेली असते, भाज्या बेचव लागतात. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणं टाळलं जातं, बद्धकोष्ठ वाढतो, पोट जड वाटतं, आणि पोट जड आहे म्हणून जेवण आणखी ‘हलकं’ केलं जातं. दोन-तीन वर्षांत ताटात मऊ भात, दुधात बुडवलेला पाव, उकडलेला बटाटा आणि चहा-बिस्किटं एवढंच उरतं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘पचायला हलकं आहे’ असं प्रेमाने म्हटलेलं असतं. जीवाणूंच्या वाट्याला मात्र जवळजवळ काहीच येत नाही.

औषधांचंही बघायला हवं. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं चालू असलेल्या पीपीआय गोळ्यांमुळे पोटातलं आम्ल घटतं आणि एरवी जठरात मरणारे तोंडातले जीवाणू खाली आतड्यात पोचतात. अँटिबायोटिकच्या प्रत्येक कोर्सने आतड्यातली घडी मोडते, आणि वय झाल्यावर ती पुन्हा बसायला वेळ लागतो. मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिनही जीवाणूंची रचना बदलतं, अर्थात त्यातले काही बदल फायद्याचेच असतात. याचा अर्थ गोळ्या मनाने बंद करायच्या, असा मुळीच नाही. रक्त पातळ करणारी किंवा सांधेदुखीची औषधं घेणाऱ्याला पीपीआय पोटातल्या रक्तस्रावापासून वाचवत असू शकते, आणि ती अचानक थांबवली तर आम्ल उसळी मारून वाढतं. डॉक्टरांना एवढंच विचारायचं, ‘ही गोळी अजून लागते का?’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही, म्हणून कितीतरी गोळ्या सुरू राहतात.

दाह वयाला चिकटलेलाच असतो का?

२०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. इटली आणि सिंगापूरमधल्या लोकांची तुलना बोलिव्हियातले त्सिमाने आणि मलेशियातले ओरांग अस्ली या समाजांशी केली. इटली-सिंगापूरमध्ये वयाबरोबर दाह वाढत होता आणि जुनाट आजारांशी त्याचं नातं दिसत होतं. त्सिमाने लोकांमध्ये सततच्या संसर्गांमुळे दाह मुळातच जास्त होता, पण वयाबरोबर तो तसा चढत नव्हता आणि मधुमेह-हृदयविकारासारख्या आजारांकडेही नेत नव्हता. तेव्हा केसांच्या पांढरेपणासारखा हा दाह सगळ्यांच्या नशिबी लिहिलेला नाही. जगण्याच्या पद्धतीचा त्यात मोठा हात आहे.

मग बदलता येतं का? येतं, पण किती, हे नीट सांगायला हवं. ‘नू-एज’ या प्रकल्पात युरोपातल्या पाच देशांतल्या ६५ ते ७९ वयाच्या ६१२ लोकांचा अभ्यास झाला. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी वर्षभर भाज्या, फळं, डाळी-शेंगा, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेलावर भर देणारा भूमध्य प्रदेशातला आहार घेतला. २०२० मध्ये निष्कर्ष आले. ज्यांनी हा आहार जितका नेटाने पाळला, तितके त्यांच्या आतड्यात उपयोगी जीवाणू वाढले, सीआरपी उतरण्याकडे कल दिसला, बुद्धीच्या चाचण्यांत आणि चालण्याच्या वेगातही फरक जाणवला. म्हातारपण उलटलं नाही. पण पासष्टीनंतरही आतडं नव्या आहाराला दाद देतं, हे दिसलं आणि मला तेच मोलाचं वाटतं.

आंबवलेल्या पदार्थांबद्दल स्टॅनफर्डमधला २०२१ चा अभ्यास सारखा सांगितला जातो. ३६ निरोगी प्रौढांपैकी ज्यांनी दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेल्या भाज्या) यांसारखे पदार्थ दहा आठवडे वाढवले, त्यांच्यात जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी निगडित १९ प्रथिनं घटली. फायबर वाढवलेल्या गटात मात्र एवढ्या काळात दाह सरसकट उतरला नाही. ज्यांच्यात मुळात विविधता कमी होती, त्यांच्यात उतरलाच नाही. जीवाणूच नसतील तर फायबर खाणार कोण? म्हणून दोन्ही हवं आणि सबुरीही हवी. हे लोक वृद्ध नव्हते, हेही ध्यानात ठेवावं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्यांवर केलेल्या चाचणीत, जीवाणूंचं खाद्य असलेली पूड १२ आठवडे दिल्यावर स्मरणशक्तीच्या चाचणीत सुधारणा झाली, पण पायांची ताकद वाढली नाही. अपेक्षा ठेवायची ती एवढ्या मापाची.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी रोज किमान २५ ग्रॅम फायबर आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. आक्रसलेल्या ताटावरून तिथे एका उडीत जायचा प्रयत्न केला, तर पोट फुगेल, दुखेल आणि आठवड्याभरात सगळं सोडून दिलं जाईल. जीवाणूंची फौज वाढायला आठवडे लागतात. म्हणून एका वेळी एकच पदार्थ, चमचा-दोन चमच्यांनी, पाण्यासकट.

आणि मऊ अन्न वाईट नसतं! शिजवल्याने, घोटल्याने फायबर नाहीसं होत नाही. कडधान्यं रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, अगदी गळेपर्यंत शिजवली आणि गाळून न घेता घोटली, तर कवळी नसलेल्यालाही खाता येतात आणि वायूही कमी धरतो. ओट्स मऊ शिजतात. सफरचंद सालासकट वाफवून कुस्करता येतं. जवस कुटून कशातही मिसळता येतं. शिजवून गार केलेल्या बटाट्यात किंवा भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढतो आणि तो जीवाणूंच्या कामी येतो. मात्र शिजवलेला भात बाहेर ठेवून देऊ नये, लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. इसबगोलाने शौचाला साफ होतं, पण ते जीवाणूंकडून फारसं आंबत नाही. म्हणजे इसबगोल घेतलं की फायबरचं काम झालं, असं नव्हे. ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावं. गिळायला त्रास असेल किंवा आतडं कुठे अरुंद झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

भाज्या वाढवण्याच्या नादात प्रथिनं मागे पडू देऊ नयेत. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

हालचालीबद्दल एक गंमतीची गोष्ट आहे. स्नायू आवळले की तेही आयएल-६ सोडतात, म्हणजे तेच दाहाचं रसायन. पण व्यायामापुरतं आलेलं आणि लगेच ओसरणारं आयएल-६ उलट दाह शमवणारी रसायनं जागी करतं. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात, बैठं आयुष्य असलेल्या प्रौढांनी आहार न बदलता सहा आठवडे व्यायाम केला, तेव्हा ब्युटिरेट बनवणारे जीवाणू वाढले. व्यायाम थांबवल्यावर ते पुन्हा घटले.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. एक, घरबसल्या होणारी जीवाणूंची शौच-तपासणी. निरोगी माणसाच्या आतड्यात नेमकं काय असावं याचं सर्वमान्य मापच नाही, मग अहवालातल्या लाल-हिरव्या पट्ट्यांवरून काय ठरवणार? दुसरी, ‘पोट सुधारतं’ म्हणून सरसकट घेतलेल्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जीवाणूंच्या, कॅप्सूल. इस्रायलमधल्या २०१८ च्या एका प्रयोगात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जीवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. विशिष्ट आजारात विशिष्ट जीवाणूंचा उपयोग होतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. हेच पैसे कवळी बसवून घ्यायला आणि हिरड्यांच्या उपचाराला खर्च केले, तर दाहाचा एक उगम कमी होईल आणि ताटही रुंदावेल.

शेवटी, आहाराच्या चर्चेत जे अडकून पडता कामा नये ते. शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, घास अडकणं, साठीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, लोहाच्या कमतरतेने झालेला अ‍ॅनिमिया, यांतलं काहीही असेल तर आधी तपासणी, मग ताट. अ‍ॅनिमिया दाहामुळे आहे की कुठून रक्त जातंय म्हणून, हे फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी चाचणी) आणि इतर चाचण्यांशिवाय कळत नाही. अँटिबायोटिकनंतर दिवसातून तीन-चारदा पातळ शौचाला होऊ लागलं तर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी घरच्या घरी देऊ नये, डॉक्टरांना कळवावं. आणि वजन काट्यावर बघत जावं. काहीही न ठरवता सहा ते बारा महिन्यांत ते ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोंहून अधिक, तर कपडे सैल झाले म्हणून सोडून देऊ नये, त्याच आठवड्यात दाखवून घ्यावं.